रांगेबाहेर ठेवलेल्या बायका

जानेवारी २०२१ चा शेवटचा आठवडा. माझी भाची पुण्यातल्या एका हॉस्पिटलात कोविड वॉर्डची सिस्टर, आणि तिला पाचवा महिना चालू होता. ड्यूटी संपवून तिने फोन केला. "मावशी, आज आमच्या सगळ्या वॉर्डला लस दिली. मला नाही दिली." टेबलावर बसलेल्या मुलाने विचारलं होतं, गरोदर आहात का? ती हो म्हणाली. त्याने तिच्या नावापुढे काहीतरी खूण केली आणि मागच्या सिस्टरला पुढे बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती पुन्हा त्याच वॉर्डात, पीपीई किट चढवून, हजर होती.

कोणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. नियमच तसा होता. १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना त्यातून वगळलं होतं, कारण त्यांच्यावर लसीच्या चाचण्या झालेल्या नव्हत्या. त्याआधी चार दिवस, १२ तारखेच्या पहाटे, पुण्याजवळच्या मांजरीतल्या कारखान्यातून लसीचे पहिले ट्रक लोहगाव विमानतळाकडे निघालेले आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. पुणेकर म्हणून ऊर भरून आला होता. ती लस सगळ्या देशभर गेली. पण तिच्यापासून तासाभराच्या अंतरावर, रोज कोविडच्या रुग्णांना सलाईन लावणाऱ्या पोटुशा मुलीपर्यंत ती आली नाही.

हे मला इतक्या वर्षांनीही पटत नाही. लस देणं धोक्याचं वाटत होतं, तर त्या वॉर्डात उभं राहणं त्याहून धोक्याचं होतं. तिला लस नाकारली तेव्हा तिची ड्यूटी तरी बदलायला हवी होती. दोन्हींपैकी एकही झालं नाही. साथ आली की आपण गरोदर बाईला जपायचं म्हणून बाजूला काढतो, आणि तिथेच विसरतो. माझी तक्रार या विसरण्याबद्दल आहे.

एप्रिलच्या मध्यावर तिला ताप आला. आठवा लागला होता, ३१ आठवडे. त्या दिवसांत पुण्यात ऑक्सिजनचा बेड मिळवणं म्हणजे काय होतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ती स्वतः सिस्टर होती म्हणून ओळखीने बेड मिळाला. कोविडच्या पेशंटला ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपवतात. हिला पोटामुळे पालथं झोपता येईना. कुशीवर वळवून, पाठीला आणि पोटाखाली उशा लावून, कसंबसं तिला रात्रभर सावरलं. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात ती इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन जावयांना सांगितलं की थांबता येणार नाही, सिझेरियन करावं लागेल. मुलगा झाला. १,४५० ग्रॅम.

असं का होतं, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. पोट वाढतं तसं फुप्फुसांखालचं श्वासपटल वर ढकललं जातं, दिवस भरत येईपर्यंत साधारण चार सेंटिमीटर. दुसरीकडे शरीराची ऑक्सिजनची गरज सुमारे पाचव्या हिश्शाने वाढलेली असते. म्हणजे खर्च वाढलेला आणि शिल्लक घटलेली. एरवी हे भागून जातं. न्यूमोनिया झाला की भागत नाही. त्यात बाळ हे आईच्या शरीराच्या दृष्टीने अर्धं परकं, म्हणून ते टिकावं यासाठी तिची प्रतिकारशक्ती गरोदरपणात वेगळ्या पद्धतीने वागते. रक्त गोठण्याकडेही कल वाढतो. कोविडसारखा आजार रक्ताच्या गुठळ्या करतो तेव्हा त्याचा घाव वारेवरही बसतो, आणि बाळाचं अन्नपाणी, हवा सगळं त्या वारेतूनच जातं. तापाने आणि शरीरातल्या दाहाने कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात. कधी कळा सुरू होतच नाहीत, पण आईचा श्वास वाचवायला डॉक्टरांनाच बाळ लवकर बाहेर काढावं लागतं. कोविड झालेल्या आयांची अपुऱ्या दिवसांची जी बाळं जन्माला आली त्यांतली बरीचशी या दुसऱ्या कारणाने आली. माझ्या भाचीचं बाळ त्यांपैकीच.

यातलं काहीही २०२० मध्ये नव्याने कळलेलं नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा देशात शिरला आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्या साथीत अमेरिकेतल्या १,३५० गरोदर रुग्णांच्या नोंदी एका डॉक्टरने गोळा केल्या होत्या. त्यांतल्या २७ टक्के बायका दगावल्या होत्या, आणि ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांची अवस्था याहून वाईट होती. पुढे २००९ ला स्वाइन फ्लू आला. देशातला त्याचा पहिला बळी पुण्यातला, ३ ऑगस्टचा. शाळकरी मुलगी होती. शाळा, सिनेमागृहं बंद झाली, नायडू हॉस्पिटलबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. त्याच साथीत अमेरिकेच्या आकडेवारीतून दिसलं की लोकसंख्येत गरोदर बायका जेमतेम एक टक्का, पण स्वाइन फ्लूच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा पाच टक्के. २०१० मध्ये पुण्यातच नाकातून द्यायची लस तयार झाली. ती जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूची होती, त्यामुळे गरोदर बायकांसाठी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सांगितलं की फ्लूच्या लसीत गरोदर बायकांना सगळ्यांत आधी धरा. इतकं सगळं हातात असताना नऊ वर्षांनी आपण त्यांना यादीतून खोडलं.

त्याची किंमत आकड्यांत मोजलेली आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जून २०२१ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या लाटेतल्या कोविड झालेल्या गरोदर आणि बाळंतिणींची तुलना जाहीर केली. पहिल्या लाटेत लक्षणं असलेल्या बायका १४.२ टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत २८.७. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर गेलं. हजारात सात गेल्या होत्या, आता हजारात सत्तावन्न. आणि या फक्त हॉस्पिटलपर्यंत पोचून नोंद झालेल्या बायका. १८ देशांतल्या ४३ हॉस्पिटलांमध्ये झालेल्या अभ्यासात कोविड झालेल्या गरोदर बायकांना दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका साधारण दीडपटीहून जास्त दिसला. अमेरिकेत डेल्टाच्या काळात कोविड असताना झालेल्या बाळंतपणांत मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण २.७ टक्के होतं, कोविड नसलेल्या बायकांमध्ये ०.६३. डेल्टा म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जी आग लागली तीच.

गरोदर बायकांना लसीची परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला. लाट ओसरल्यावर.

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते हलकं नाही: पोटातल्या जिवाशी प्रयोग करायचा नाही. थॅलिडोमाइडची आठवण त्यामागे आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी झोपेसाठी, मळमळीसाठी युरोपात गरोदर बायकांनीही घेतलेलं ते औषध. दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. तेव्हापासून औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायका जवळजवळ हद्दपार झाल्या. पण थॅलिडोमाइडची चूक काय होती? गरोदरपणात ते सुरक्षित आहे का हे न तपासताच ते बाजारात आलं. तपासायचं राहिलं म्हणून ती मुलं तशी जन्मली. त्यातून आपण धडा घेतला तो असा की यापुढे तपासायचंच नाही. मग साथ येते, लस तयार होते, आणि गरोदर बाईच्या रकान्यात लिहिलं जातं: माहिती उपलब्ध नाही. माहिती नाही कारण गोळा केली नाही, आणि गोळा केली नाही म्हणून लस नाही.

शिवाय गरोदर बाईला लस द्यायची हे आपल्याला काही परकं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आपल्या आया, मावश्या सगळ्यांनी पोटुशा असताना घेतलं आहे. खेड्यातल्या आशाताई त्यासाठी दारोदार फिरतात. ते आईला देतात ते मुख्यतः बाळासाठी, आणि त्याच जोरावर २०१५ मध्ये भारताने बाळंतपणातला धनुर्वात हटवला. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासूनच गरोदर आरोग्यसेविकेला आपल्या डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवायची मुभा होती. सरसकट द्या असं माझं म्हणणं नव्हतं. निदान त्या टेबलावर तिला विचारायला हवं होतं: बाई, तुम्ही रोज या वॉर्डात उभ्या असता, तुम्हाला काय वाटतं?

आता त्या १,४५० ग्रॅमच्या जिवाकडे येते.

आमच्या घरात माझी आई सगळ्यांत आधी काय म्हणाली तर, "सातवं जगतं गं, आठवं नाही जगत." हा समज घरोघरी आहे आणि तो साफ खोटा आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. फुप्फुसांतले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून लागणारा स्निग्ध थर त्याच्यात पुरेसा तयार झालेला नसतो, चोखायचं आणि गिळायचं एकत्र जमत नाही, अंगावर चरबी नसते म्हणून ऊब टिकत नाही. आणखी एक गोष्ट साथीच्या संदर्भात फार महत्त्वाची. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत. लवकर आलेलं बाळ ती शिदोरी न घेताच येतं. म्हणजे साथीमुळे जे बाळ लवकर जन्मतं, त्याच बाळाकडे त्या साथीविरुद्ध सगळ्यांत कमी बळ असतं. २०२० या एका वर्षात जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतातली, जगात सगळ्यांत जास्त.

या बाळांसाठी सगळ्यांत गुणकारी आणि फुकटची गोष्ट म्हणजे आईची छाती. कांगारू मदर केअर म्हणतात ते. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटामध्ये काचेच्या पेट्या पुरेनात तेव्हा हा उपाय सुरू झाला. एक ते पावणेदोन किलोच्या बाळांना जन्मल्यापासून लगेच आईच्या उघड्या अंगाशी बांधून ठेवलं तर मृत्यू सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होतात, असं पाच देशांतल्या अभ्यासाने २०२१ मध्येच दाखवलं. त्यात दिल्लीचंही हॉस्पिटल होतं. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या लाटेपासून सांगत होती की आईला कोविड असला तरी मास्क लावून, हात धुऊन बाळ तिच्याजवळ द्या. तिने वेगळा हिशेबही मांडला होता: आई-बाळ एकत्र ठेवण्याने सव्वा लाख जीव वाचू शकतात, आणि त्यातून कोविडने जाणारी बाळं दोन हजारांहूनही कमी असतील.

माझ्या भाचीला अकरा दिवस बाळ दाखवलं नाही. ती एका इमारतीत, बाळ दुसऱ्या इमारतीत काचेच्या पेटीत. तिचं दूध नको म्हणून सांगितलं. ते आटू नये म्हणून ती दर तीन तासांनी पंपाने काढायची आणि बेसिनमध्ये ओतायची. तिच्या शेजारच्या कॉटवरच्या आजी ते बघून रडायच्या. संध्याकाळी एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली, एक सिस्टर स्वतःच्या फोनवरून एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवायची. तेवढ्यात ती त्याच्या छातीचं वरखाली होणं मोजायची, कारण ती सिस्टरच होती. हॉस्पिटलचं नाव मी घेत नाही. त्या महिन्यात तिथली माणसं झोपेशिवाय उभी होती हे मी पाहिलं आहे. पण हा निर्णय थकव्याने झालेला नव्हता, आधीच लिहून ठेवलेला होता, आणि चुकीचा लिहिलेला होता.

लॉकडाऊनच्या सुरुवातीला एक आश्चर्याची बातमी आली होती. डेन्मार्क आणि आयर्लंडमधल्या काही डॉक्टरांना दिसलं की फार लवकर जन्मणारी बाळं एकदम कमी झाली आहेत. पुढे बऱ्याच देशांचे आकडे एकत्र केल्यावर पहिल्या काही महिन्यांत तीन-चार टक्क्यांची घट दिसली, ती प्रामुख्याने श्रीमंत देशांत. कारण पक्कं सापडलं नाही, पण अंदाज करता येतो: धावपळ थांबली, हवा निवळली, इतर सर्दीताप फिरेनासे झाले, पगार चालू राहिला. आपल्या शेजारी नेपाळमध्ये त्याच महिन्यांत उलटं झालं. हॉस्पिटलांतली बाळंतपणं निम्म्यावर आली, आणि मृत जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी १४ वरून २१ वर, पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं हजारी १३ वरून ४० वर गेलं. लॉकडाऊन तोच, विषाणू तोच. घरात बसून विश्रांती मिळते ती ज्यांना घर आहे त्यांना. वाघोली, चाकणच्या बांधकामांवरून जी कुटुंबं २०२० च्या उन्हाळ्यात पायी निघाली त्यांत पोटुशा बायकाही होत्या. गावोगावच्या उपकेंद्रांतले नर्सबाईंचे दिवस कोविडच्या सर्व्हेत गेले. रक्तदाब मोजणं, हिमोग्लोबिन बघणं, लोहाच्या गोळ्या देणं ही कामं पुढे ढकलली गेली, पण पोटातलं मूल पुढे ढकलता येत नाही. वाढलेला रक्तदाब वेळेत न सापडणं हे स्वतःच लवकर बाळंतपणाचं मोठं कारण आहे. म्हणजे विषाणू अंगात न शिरताही साथीने बाळं आधी जन्माला घातली.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा पाठपुरावा केला आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आणि तरी आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने जास्त. पोटात असताना जे सोसावं लागतं ते पुढे मधुमेह होऊन वर येतं, हे जगाला सांगण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. साथीतल्या बाळंतपणांचा हिशेब त्यामुळे साथ संपली म्हणून मिटत नाही. २०२१ मध्ये लवकर जन्मलेली मुलं कुठे आहेत, कशी आहेत, हे पाहणारं रजिस्टर शहरात असायला हवं. हे काम पुण्याला जमणार नाही असं म्हणायला जागाच नाही.

मनात आणलं तर जमतं, याचा दाखला २०२४ च्या पावसाळ्याने दिला. जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, मग मुंढव्यात, मग आणखी पेठा-उपनगरांत. झिका मोठ्या माणसाला फारसा त्रास देत नाही, पण वार ओलांडून बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. ब्राझीलमध्ये २०१५ नंतर लहान डोक्याची बाळं जन्मली ती याच्यामुळे. त्यामुळे या वेळी महापालिकेने सुरुवातच गरोदर बायकांपासून केली. रुग्ण सापडलेल्या भागात घरोघरी जाऊन पोटुशा बायकांचे नमुने घेतले आणि पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत पाठवले. केंद्रानेही जुलैच्या सुरुवातीला राज्यांना हेच कळवलं, गरोदर बायका तपासा, बाळाच्या वाढीवर सोनोग्राफीने लक्ष ठेवा. शोध तिथेच घेतला गेला म्हणून सापडलेल्यांत गरोदर बायका जास्त दिसल्या, हेही खरं. पण शोध घेतला गेला. विषाणू बाळाला इजा करतो म्हटल्यावर आई यादीत पहिली आली. आईलाच मारणाऱ्या विषाणूच्या वेळी ती शेवटी गेली होती. हा फरक मला फार लागतो.

पुढची साथ कधी येईल कोणी सांगू शकत नाही, पण तिची तयारी बाळंतपणाच्या वॉर्डापासून सुरू व्हावी, आणि ती पुण्यातून व्हावी, असं मला मनापासून वाटतं. विषाणू ओळखणारी संस्था इथे १९५२ पासून आहे, लसीचा कारखाना इथे आहे, ससून आणि केईएमसारखी वर्षानुवर्षं हजारो बाळंतपणं केलेली हॉस्पिटलं इथे आहेत. एकाच दिवशी तिन्ही ठिकाणी रिक्षाने जाऊन यावं इतकं अंतर. लसीची चाचणी आखताना त्याच कागदावर गरोदर बायकांची चाचणी केव्हा सुरू होणार ते लिहिलेलं असावं. प्राण्यांवरचे अभ्यास आधी, मग राजीखुशीने पुढे येणाऱ्या बायका. माझी भाची तेव्हा आनंदाने गेली असती. कोविड वॉर्डातली कोणी सिस्टर पोटुशी आहे कळलं की त्याच दिवशी तिची ड्यूटी बदलावी. साथ कितीही मोठी असो, महिन्याची गरोदर तपासणी बंद करायची नाही, तिची जागा वेगळी करायची, दार वेगळं करायचं, पण बंद नाही. आणि आई-बाळाला वेगळं करण्याचा कागद यापुढे कोणी टाइप करू नये. फ्लूची लस गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळायची सोय राज्यात आहे. माझ्या ओळखीच्या एकाही सुनेला, लेकीला ते ठाऊक नव्हतं. ते सांगायला तर साथीची वाट बघायची गरज नाही.

बाळ पाच आठवड्यांनी घरी आलं. जुलैच्या शेवटी, बरं झाल्यावर तीन महिने थांबायचा नियम पूर्ण करून, भाची लस घ्यायला गेली. मी बाळाला घेऊन बाहेर झाडाखाली बसले होते. तिच्या पुढे एक सातव्या-आठव्या महिन्यातली बाई उभी होती, सासू बरोबर, दोघी घाबरलेल्या. टेबलावरच्या मुलीने विचारलं, गरोदर आहात का? ती बाई दोन क्षण गप्प राहिली, मागे वळून सासूकडे पाहिलं, आणि हो म्हणाली. मुलीने खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "बसा ना. डावा हात."